भिक्षूचे गाळणे आणि नारूचा अंत : कोंडाण्याच्या ओढ्याकाठून सुरू होणारी एक गोष्ट

१/ कोंढाणा म्हटले की सिंहगड डोळ्यांपुढे येतो. हा धागा मात्र कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यांविषयी आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. पावसाळ्यात त्यांच्या पुढ्यात धबधबा कोसळतो आणि येणारा प्रत्येक जण मान वर करून चैत्याच्या भव्य कमानीकडे पाहतो. आज आपण मान खाली घालून पाहणार आहोत : तिथल्या ओढ्यात, डबक्यात, कातळाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात. पाण्यातील किड्यांकडे रोज आणि नेमाने पाहणारी माणसे या देशात फार पूर्वीपासून होती. त्यांनी ते का पाहिले आणि त्यातून पुढे काय घडले, हा आजचा विषय.

२/ आधी स्थळाची ओळख. कोंडाण्याची लेणी सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानली जातात. चैत्यगृह, विहार आणि लहान खोल्या मिळून येथे १६ लेणी आहेत. दर्शनी भागात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली दिसते. चैत्याच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतील लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढेच तो सांगतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून बोरघाट चढणाऱ्या व्यापारी वाटांच्या सान्निध्यात हे ठिकाण आहे. वाटसरूंचे दान, डोंगराचा आडोसा आणि पाणी ही तिन्ही येथे जवळजवळ होती.

३/ भिक्षूंना स्थिर निवारा सर्वांत अधिक लागे तो पावसाळ्यात. या काळातील तीन महिन्यांच्या मुक्कामाला ‘वस्सावास’ म्हणत. विनयपिटकातील महावग्गात त्याचे कारण दिले आहे. पावसात फिरणारे भिक्षू हिरवे अंकुर आणि असंख्य बारीक जीव पायाखाली तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात थांबतात, मग हे श्रमण का थांबत नाहीत, असा लोकांचा सवाल होता. त्यावर बुद्धाने वर्षाकाळी एका जागी राहण्याचा नियम घातला. म्हणजे लेण्यांच्या इतिहासात व्यापार आणि राजाश्रय यांच्या जोडीला पावसाळी किड्यामुंग्यांनाही एक जागा आहे.

४/ नियम येथेच थांबले नाहीत. भिक्षूंच्या आचारसंहितेत ‘पाचित्तिय’ नावाचा दोषांचा वर्ग आहे. त्यातील दोन नियम पाण्यातील जीवांसाठी आहेत. विसावा नियम सांगतो की पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असताना ते पाणी गवतावर किंवा मातीवर ओतणे हा दोष. बासष्टावा सांगतो की असे पाणी जाणूनबुजून वापरणे हाही दोष. दोन्ही ठिकाणी ‘जाणून’ हा शब्द कळीचा आहे. अजाणता घडले तर हा दोष लागत नाही. पण एकदा पाण्यात डोकावून वळवळ दिसली, की त्या क्षणापासून पाहणारा जबाबदार ठरतो.

५/ म्हणूनच भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे साधन होते : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि ‘परिस्सावन’, म्हणजे गाळणे. घरदार सोडलेल्या माणसाच्या इतक्या तोकड्या यादीत गाळण्याला स्थान मिळावे, यावरून त्याचे महत्त्व कळते. त्याच्यामागे एक करुण कथाही आहे. चुल्लवग्गात ती येते.

६/ कोसल देशात दोन भिक्षू प्रवास करत होते. त्यांपैकी एकाचे वर्तन चुकले. दुसऱ्याने त्याला समज दिली, तेव्हा त्याने मनात अढी धरली. पुढे समज देणाऱ्याला तहान लागली. त्याच्यापाशी गाळणे नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले, सोबत्याने दिले नाही आणि तहानेने तो भिक्षू मरण पावला. त्यानंतर नियम झाला : प्रवासात कोणी गाळणे मागितले तर नाकारू नये. शिवाय गाळणे घेतल्याखेरीज वाटेला लागू नये. ते नसेल तर चीवराचा पदर गाळण्यासाठी योजावा. जिवाणूंची कल्पनाही नव्हती त्या काळी एक माणूस पाण्यातील किड्यांसाठी आपला जीव गमावतो आणि ग्रंथकार ती घटना नोंदवून ठेवतात.

७/ चुल्लवग्गाच्या याच भागात गाळण्यांचे आकारही आले आहेत. पळीसारखे, दांड्याचे, पाण्यावर पसरण्याचे असे निरनिराळे प्रकार गरजेनुसार मान्य होत गेले. आणि त्यांच्या लगेच पुढे एक वेगळीच परवानगी येते. डासांनी भिक्षूंना भंडावून सोडले होते, म्हणून ‘मकसकुटिका’ वापरण्यास संमती मिळाली. मकस म्हणजे डास. त्यांच्यापासून बचाव करणारी कापडी खोपटी, आजच्या मच्छरदाणीची पूर्वज. पाण्यातील जीवाला वाचवणारे कापड आणि हवेतील जीवापासून वाचवणारे कापड ग्रंथात असे शेजारी शेजारी आहेत. पाण्यातील वळवळणारी अळी हीच पुढे डास होते, हे ओळखण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता.

८/ कोणी विचारील, हे नियम नुसते पोथीतच राहिले नसतील कशावरून? याला एक परदेशी साक्षीदार आहे. चिनी भिक्षू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये मायदेशाहून निघाला, नालंदेत अनेक वर्षे राहिला आणि ६९५ मध्ये परतला. त्याचा विनय थेरवाद्यांचा नव्हे, मूलसर्वास्तिवाद्यांचा. तरीही पाणी तपासण्याचा हाच आचार तो तपशिलाने सांगतो. सकाळी उठल्यावर प्रथम घागरीतील पाणी पाहायचे. ओंजळभर पाणी कांस्य, तांबे, लाख किंवा शंखाच्या स्वच्छ भांड्यात घ्यायचे, विटेवर हळूहळू ओतायचे आणि काही क्षण निरखायचे. केसाच्या टोकाएवढा जीव असला तरी तो जपायचा. जवळ नदी किंवा तळे असेल तर ते पाणी तेथे नेऊन सोडायचे.

९/ याला आपण निरीक्षणाची शिस्त म्हणू शकतो. वेळ ठरलेली, भांडे ठरलेले, पाण्याचा स्रोत बदलला की पद्धत बदललेली. घागर, विहीर, तळे, नदी यांसाठी वेगवेगळा विचार. सह्याद्रीतील लेण्यांत पाण्याची टाकी कोरलेली असतात. कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि पोढीचे दान पुण्याचे मानले आहे. उघड्या टाक्याच्या स्थिर पाण्यात अळ्या होणारच. त्यामुळे असे टाके म्हणजे भिक्षूंसाठी रोजच्या परीक्षेची जागा होती.

१०/ कोंडाण्याच्या ओढ्याशी वाकून पाहिले तर काय दिसते? पृष्ठभागावर पाणनिवळ्या तुरुतुरु सरकतात. पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर त्या लांब पाय टेकवून उभ्या राहतात आणि धडपडणाऱ्या किड्याने उठवलेले तरंग पायांनी ओळखतात. तळाशी चतुर आणि टाचणीची पिल्ले दबा धरून बसतात. त्यांचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो. भक्ष्य जवळ येताच तो झटकन पुढे फेकला जातो. साचलेल्या खळग्यात डासांच्या अळ्या श्वासासाठी वर येतात. भिक्षूच्या कापडात अळ्यांसारखे बारीक जीवही अडकत, आणि त्यांतला प्रत्येक जीव त्याच्या लेखी सारखाच होता.

११/ गाळण्याची ही रीत एकट्या बौद्धांची नव्हती. जैन आचारात पाणी गाळणे आणि कापडावर राहिलेले जीव मूळ पाण्यात परत सोडणे हे श्रावकाचेही कर्तव्य ठरले. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने कापडाने गाळलेले पाणी प्यावे, असे सांगितले आहे. आजीने हंड्याच्या तोंडावर घातलेले पांढरे फडके आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या फडक्याची वंशावळ इतकी मागे जाते. मात्र याला प्राचीन कीटकशास्त्र म्हणण्याची घाई करू नये. भिक्षूचा प्रश्न एकच होता : पाण्यात जीव आहे की नाही? तो कोणता, काय खातो, कशाचे रूप घेतो, हे त्याला विचारायचे नव्हते. ते प्रश्न पुढे वेगळ्या माणसांनी विचारले.

१२/ आता आपण थेट १५ सप्टेंबर १८८३ च्या मुंबईत येऊ. या दिवशी आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना केली. त्यांत दोन भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर. एक डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे संस्थापक. संस्थेचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले. पाण्याच्या कडेला बसून पाहिलेले छापून ठेवण्याची आणि दुसऱ्याने ते पडताळून पाहण्याची सोय आता झाली. तर्खडकरांचे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

१३/ या आठांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यात झाला. ‘ईहा’ या नावाने ते किडे-पाखरांवर मिश्कील लेखन करत. नोकरी मीठ आणि जकात खात्यातील. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी शोधला आणि डबक्यातील अळीला एकाएकी महत्त्व आले. १९०२ मध्ये एटकेन यांना गोव्याच्या सीमेवरील जकात नाक्यांवर पाठवण्यात आले. तेथील शिपाई हिवतापाने बेजार होते. या शोधयात्रेत त्यांना एक अपरिचित ॲनोफिलीस डास सापडला. पुढे त्याचे नाव ‘ॲनोफिलीस एटकेनाय’ असे ठेवले गेले.

१४/ पाहणाऱ्याचा प्रश्न आता बदलला होता. पाण्यात जीव आहे का, याऐवजी कोणता जीव आहे, हे विचारले जाऊ लागले. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, तर क्युलेक्सची अळी शेपटाकडील श्वासनळी वर करून तिरपी लटकते. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या या फरकावर माणसांचे प्राण अवलंबून होते. १९०१ मध्ये डॉ. ग्लेन लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर येथील डासाचे वर्णन केले. तो ‘ॲनोफिलीस स्टीफेन्सी’. विहिरी आणि टाक्या त्याला मानवतात. दुसऱ्या वर्षी ‘फ्लुविएटिलिस’चे वर्णन झाले. लॅटिनमध्ये याचा अर्थ नदीचा. डोंगरपायथ्याच्या संथ ओढ्यांत तो वाढतो.

१५/ १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला. शहरातील विहिरींत स्टीफेन्सी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा आग्रह सुरू झाला आणि वाद पेटला. हिंदू, जैन आणि पारशी कुटुंबांच्या धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागे. आपल्या पूज्य विहिरीवर झाकण घालणे त्यांना कसे रुचावे? या पार्श्वभूमीवर महापालिकेच्या सेवेतील रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींच्या लोकसमजुतींवर पुस्तक लिहिले. ते १९१८ मध्ये आले. दोन हजार वर्षांपूर्वी माणसापासून पाण्यातील जीव वाचवायचा होता. आता त्या जीवापासून माणूस वाचवायचा होता.

१६/ आणि आता नारू. तिशीच्या आतील वाचकांना हा शब्द बहुधा ऐकूनच ठाऊक असेल. माणसाच्या शरीरात जवळजवळ मीटरभर लांब होणारा हा कृमी. पाणी प्यायल्यानंतर सुमारे वर्षभराने तो बहुतेकदा पायातून फोड येऊन बाहेर डोकावे. ओढून काढता येत नसे, कारण तुटला तर जखम चिघळे. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. ऐन पेरणीत कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे खाटेला खिळे. आग शमवण्यासाठी रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी, आणि नेमक्या त्या क्षणी कृमी आपली असंख्य पिल्ले पाण्यात सोडी.

१७/ ती पिल्ले माणसात कशी शिरतात? १८७० च्या सुमारास रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांनी तुर्कस्तानात दाखवले की ती सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरात जातात. हा कीटक नव्हे, खेकडे-कोळंबीच्या दूरच्या नात्यातील, ठिपक्याएवढा प्राणी. पण असा सायक्लॉप्स गिळल्यानेच माणसाला नारू होतो, याचा पुरावा हवा होता. १९१० च्या दशकात मुंबईत स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून तो देणारे संशोधक होते डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खडकर, इंग्रजी लेखनातील डी. ए. तुर्खुड. सोसायटीच्या संस्थापक आत्मारामांचे ते पुत्र. वडील निसर्ग पाहण्याची संस्था उभारतात आणि मुलगा पाण्याच्या थेंबात एका जुन्या रोगाची वाट शोधतो. मराठी विज्ञानेतिहासात ही पितापुत्रांची जोडी अधिक ठळक असायला हवी.

१८/ वाट सापडली, पण औषध सापडले नाही. नारूवर लस नाही आणि त्याला मारणारे औषधही नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारताने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. उपाय अगदी साधे होते. पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर करा म्हणजे पाय पाण्यात बुडणार नाहीत. रोगी शोधा. पाण्यात सायक्लॉप्सनाशक टाका. आणि पिण्याचे पाणी कापडाने गाळा. सायक्लॉप्स इतका मोठा असतो की दाट विणीचे कापड त्याला अडवते. १९९६ मध्ये भारतातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

१९/ येथे थांबून या धाग्याच्या दोन्ही टोकांकडे पाहा. एका टोकाला भिक्षूचे परिस्सावन, दुसऱ्या टोकाला आरोग्यसेवकाने वाटलेले कापड. वस्तू तीच, उद्देश उलट. भिक्षू पाणी गाळत होता ते त्या ठिपक्याएवढ्या जीवाच्या रक्षणासाठी. जेथे कापड दाट होते तेथे नकळत त्याचे स्वतःचेही रक्षण होत होते. मात्र यावरून पूर्वजांना सारे ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गाळण्याची रूढी शतकानुशतके होती आणि नारूही शतकानुशतके होता. कारण रूढी सर्व घरांत नव्हती, आणि ती का पाळावी याचे उत्तर रोगाशी जोडलेले नव्हते. कोणत्या विहिरीचे पाणी गाळलेच पाहिजे, हे सांगण्यासाठी फेदचेन्को आणि तर्खडकर लागले.

२०/ दुसऱ्या बाजूनेही सावध राहू. डासांच्या भीतीने डबक्यांवर तेल ओतले गेले, तेव्हा अळ्यांबरोबर त्यांना खाणारे पाणकिडेही गुदमरले. चतुराचे पिल्लू हे डासाच्या अळीचे मोठे शत्रू आहे, हे भीतीने पाहणाऱ्याला दिसत नाही. भारतातील चतुरांचा पाया घालणारे ग्रंथ लिहिणारे फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हेही लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर. त्यांचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात निघाले. त्यांनी पाण्याकडे औत्सुक्याने पाहिले म्हणून आज कोकणातील तरुण अभ्यासक नव्या जाती ओळखू शकतात. २०१९ आणि २०२० मध्ये अशा नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. अचलपूरचा स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूतीत आढळला आणि आता तेथील शहरांना त्याचा धोका आहे. पाण्यात पाहण्याचे काम संपलेले नाही.

२१/ पुढच्या वेळी कोंडाण्याला जाल तेव्हा चैत्याची कमान जरूर पाहा, बलकाचा लेख शोधा. मग ओढ्याकाठी दहा मिनिटे स्वस्थ बसा. साबण, प्लॅस्टिक, खाद्यपदार्थांची पाकिटे पाण्यापासून दूर ठेवा. पाणनिवळी कशी सरकते, अळी आडवी आहे की तिरपी, चतुर पाण्याला शेपूट टेकवून अंडी कुठे घालतो, हे वहीत तारखेसह नोंदवा. काही पकडू नका. आणि प्यायचे पाणी मात्र घरूनच न्या, कारण कापड सायक्लॉप्सला अडवते, जिवाणूंना नाही. बघून झाल्यावर विनयपिटकातील तो ‘जाणून’ हा शब्द आठवा. त्या ओढ्यात कोण राहते, हे आता तुम्हालाही ठाऊक झालेले असेल.